भिगवणच्या पाण्यावर जर्मनची होडी

उजनीच्या काठावर कुणी पत्र्याची होडी म्हणाला, तर तो लोखंडी पत्र्याबद्दल बोलतो आहे असे खुशाल समजावे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव, कळाशी या इंदापूर तालुक्यातल्या काठच्या गावांत ही होडी वर्षानुवर्षे चालत आली आहे. लोखंडी पत्रा कुठेही मिळतो, गावातला वेल्डर तो जोडून देतो, तळाला डांबराचा हात फिरवला की दोघे जण जाळे घेऊन निघायला मोकळे. अलीकडे फायबरच्या होड्याही बऱ्याच दिसतात. ॲल्युमिनियमची होडी मात्र इथे दुर्मीळ. ज्या धातूची पातेली आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात ‘जर्मनची भांडी’ म्हणून वापरात होती, तो धातू पाण्यावर उतरायला का बिचकला? माझ्या मते दोष धातूचा नाही. त्याची दुरुस्ती वेगळी असते आणि ती इथे कुणी शिकवली नाही. जुना, पोचे आलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा हाती लागला, तर तो घरच्या शेडमध्ये उभा करून मासेमारीसाठी सज्ज कसा करायचा, हे या प्रकरणात पाहू.

आधी पाणी पाहू, कारण होडी पाण्यावरून ठरते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर हे नाव असले तरी लोक ‘उजनी’ किंवा ‘बॅकवॉटर’च म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे वर्तमानपत्रांत येते, तेव्हा या मृत साठ्यातले पाणी उतरू लागलेले असते. मग बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, जुन्या झाडांचे बुंधे आणि पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर वर येते. या साऱ्या गोष्टी दिसण्याच्या आधी काही आठवडे पाण्याखाली हात-दीड हातावर असतात, आणि होडीचा तळ नेमका तेव्हाच फाटतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. पसरट उघड्या पाण्यावर मे महिन्यातल्या वळवाला अडवणारे काही नसते. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या फेरीची प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात बुडाली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. होडी दुरुस्त करायला घेणाऱ्याने हा दिवस लक्षात ठेवून कामाचा क्रम लावावा. तो क्रम मोटारीपासून सुरू होत नाही.

आता धातू. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, लोखंड जवळपास ७.८५ पट. बारा फुटी होडीला साधारण आठ चौरस मीटर पत्रा लागतो असे धरा. १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा वापरला तर नुसता पत्राच शंभर किलोचा होतो. ॲल्युमिनियमचा दोन मिलिमीटर, म्हणजे अधिक जाड पत्रा घेतला तरी तो ४३ किलोच्या आसपास राहतो. फरक एका माणसाएवढा आहे. पाणी मागे हटले की होडी चिखलातून ओढत न्यावी लागते, तेव्हा तो फरक कंबरेला कळतो. पण फुकट काही मिळत नाही. ॲल्युमिनियमचा ताठरपणा लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून अशा होडीच्या तळाला आतून बरगड्या असतात आणि पत्र्यात लांबट पन्हळी दाबलेल्या असतात. जुन्या सांगाड्याचा रंग उडाला, पोचे आले तरी चालते. बरगडी तुटलेली किंवा पत्र्यापासून सुटलेली असली तर ती आधी पाहायची.

या धातूच्या होडीला लोकप्रिय केले विमानवाल्यांनी. १९४४ साली अमेरिकेतल्या ग्रुमन या विमान कंपनीचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन सुट्टीत न्यूयॉर्क राज्याच्या डोंगरांत गेले होते. लाकूड-कॅनव्हासची जड कॅनू खांद्यावरून वाहताना, विमानाचा पत्रा वापरला तर काय होईल, हे त्यांच्या डोक्यात आले. युद्ध संपता संपता कंपनीने पत्रा साच्यावर ताणून, दोन अर्धे भाग रिबेटने जोडून होड्या काढायला सुरुवात केली. लढाऊ विमाने बांधणारे हात तयारच होते.

आपल्याकडे असे हात विमानाच्या कारखान्यातच शोधायला हवेत असे नाही. एसटीच्या लाल गाडीचे अंग कैक वर्षे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचेच होते. दापोडी, औरंगाबादजवळचे चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा या कार्यशाळांत गाड्यांची बांधणी होत असे. २०१७-१८च्या सुमारास महामंडळ माइल्ड स्टीलच्या बांधणीकडे वळले. जुन्या गाडीची खिडकीखालची ओळ आठवा: एका रेषेत बसलेल्या शेकडो रिबेट. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला भोक कसे पाडायचे, ठिगळ कसे बसवायचे, ठोकताना पत्रा फुगू कसा द्यायचा नाही, हे महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कुणी केले असेल तर एसटीच्या बॉडी विभागातल्या कारागिरांनी. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे आगार आहे; निवृत्त झालेला एखादा कारागीर ओळखीत असेल तर त्याला चहाला बोलवा. इंटरनेटवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा त्याचा अर्धा तास अधिक उपयोगाचा.

सांगाडा घरी आला की पहिले काम तोडफोडीचे. आतली फळी, बाक, गालिचा, जुने फोम, सगळे काढून टाकायचे. जुना फोम हातात घेऊन पाहा. बऱ्याचदा तो पाणी पिऊन जड झालेला असतो, आणि त्याच्याखालचा पत्रा पांढऱ्या पिठुळ चट्ट्यांनी भरलेला असतो. हे पीठ म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. या धातूला उघड्या हवेत काही होत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ, घट्ट थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण ओल कोंडली, प्राणवायू पोचला नाही, तर थर पुन्हा धरत नाही आणि पत्र्याला टाचणीएवढे खड्डे पडतात. चिंचेचे सार जर्मनच्या पातेल्यात ठेवू नये असे घरोघर सांगत, त्यामागेही हेच रसायन आहे. आम्ल तो थर विरघळवते.

सगळे उघडे झाले की पाणी भरायचे. होडीच्या बाहेर नव्हे, आत. सांगाडा दोन-तीन लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवून आत चार-सहा इंच पाणी सोडा आणि खाली वाकून बसा. यापेक्षा जास्त भरू नका, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब नसताना हे सारे वजन एकट्या पत्र्याला पेलावे लागते. दहा मिनिटांत तळावर थेंब धरू लागतात. कोरड्या पत्र्यावर खडूने प्रत्येक थेंबाभोवती वर्तुळ काढत जा. बहुतेक वर्तुळे रिबेटच्या डोक्याभोवती येतील, एखादे बरगडीच्या टोकाशी, जिथे पत्रा वाकून वाकून चिरला आहे. पाणी सोडून दिल्यावर उरतो तो खडूचा नकाशा. पुढचे सारे काम त्या नकाशावर करायचे.

ढिली रिबेट बदलण्याआधी आवळून पाहावी. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, रिबेटच्या शेपटाला घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर हलक्या हाताने ठोकायचे. आवाजात फरक कळतो: ढिली रिबेट भदभद वाजते, आवळली की टणक. जी आवळत नाही ती ड्रिलने काढून तिच्या जागी जराशा मोठ्या मापाची भरीव ॲल्युमिनियमची रिबेट सीलंटमध्ये बुडवून बसवावी. इथे दुकानदार पॉप रिबेट हातात देईल, कारण ती एका बाजूने बसते आणि खिडक्यांच्या कामात सगळे तीच वापरतात. तिच्या मधली पिन तुटून गेल्यावर आरपार भोक राहते, आणि उरलेला पिनचा तुकडा बऱ्याचदा लोखंडी असतो. पाणरेषेखाली ती नको. तळाला बंद टोकाची पॉप रिबेट मिळाली तरच चालते.

चिरेचे काम थोडे वेगळे. चीर जिथे संपते असे दिसते त्याच्या किंचित पुढे तीन मिलिमीटरचे भोक पाडायचे. टोकाशी एकवटलेला ताण त्या गोल कडेवर पसरतो आणि चीर पुढे सरकायची थांबते. मग त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ, कोपरे गोल करून, आतून पीयू सीलंटवर बसवायचे आणि चहूबाजूंनी रिबेट मारायच्या. दोन रिबेटांमधले अंतर रिबेटच्या जाडीच्या तिप्पट-चौपट ठेवले की पाणी शिरत नाही. एम-सील हा आपला राष्ट्रीय उपाय. भर पाण्यात तळ फुटला तर घरी येईपर्यंत तो कामाचा. पत्रा हलतो आणि एम-सील हलत नाही, त्यामुळे हंगामभर त्याच्या भरवशावर राहू नये.

आणि वेल्डिंग? बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या एमआयडीसीच्या आसपास ‘आर्गन’ करणारे मिळतात. टिग वेल्डिंगला आपल्याकडे सगळे आर्गनच म्हणतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय शाबूत असते. त्यात लोखंडासारखा तो आधी लाल होत नाही. चकाकतो आणि क्षणात गळून भोक पडते. म्हणून जोडाची जागा स्टेनलेसच्या कोऱ्या ब्रशने घासून, तेल-रंगाचा अंशही न ठेवता द्यावी लागते, आणि एसी करंटचे मशीन लागते. लोखंडावर फिरवलेला ब्रश इथे वापरला तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. जाड बरगडी, मोटारीचा आधार, कडेचा पाइप यांना आर्गन उत्तम. पातळ, जुन्या तळपत्र्याला मी तरी रिबेटच देईन. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा पत्रा नरम पडतो आणि पुढची चीर जोडाच्या शेजारीच निघते.

नवा पत्रा घ्यायचा तर जात विचारून घ्या. होडीला ५०५२ किंवा ५०८३ या मॅग्नेशियम मिसळलेल्या जाती चांगल्या. स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन ६०६३ जातीचे असते; ते बाकाच्या चौकटीला चालते. भांड्यांचा पत्रा फार मऊ. तांबे मिसळलेली विमानी जात ताकदीला जबर, पण पाण्यात टिकत नाही.

तांब्याशी या धातूचे वैर आहे, आणि त्यासाठी १८९५ सालची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिका कप या शर्यतीसाठी नौकाबांधणीकार हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ नावाचे शिडाचे जहाज बांधले. वजन वाचवायला पाण्यावरचा भाग ॲल्युमिनियमचा, पाण्याखालचा कांस्याचा, आतल्या बरगड्या पोलादाच्या. जहाजाने शर्यत जिंकली आणि सहा वर्षांत ते मोडीत निघाले. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि भोवती क्षारयुक्त पाणी असले की त्यांची बॅटरी तयार होते. कमी दर्जाचा धातू झिजतो आणि वरच्या दर्जाचा वाचतो. ॲल्युमिनियम या उतरंडीत बरेच खाली आहे. समुद्रात हे झपाट्याने घडते. गोड्या पाण्यात हळू, पण उजनीचे पाणी काही डोंगरातल्या झऱ्याचे नाही. पुणे-पिंपरीचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते सारे इथे येऊन थांबते.

तेव्हा पितळी नळकांडे, तांब्याची तार, पितळी कडी होडीच्या अंगाला नको. नटबोल्ट स्टेनलेसचे, पण खाली नायलॉनचा वॉशर आणि सीलंट. जाळ्याला लावायची शिशाची वजने तळावर मोकळी टाकू नका, प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवा. पाऱ्याचे थर्मामीटर तर लांबच ठेवा: पारा ऑक्साइडचा थर धरूच देत नाही आणि धातू पोखरत जातो, म्हणून विमानातही त्याच्यावर बंधने आहेत. सर्वांत फसवा शत्रू सुताराकडून येतो. मागची फळी, जिच्यावर मोटार बसते, ती कुजलेलीच असणार, आणि सुतार तिच्या जागी ‘सातशे दहा’ ग्रेडचा मरीन प्लाय सुचवेल. सल्ला बरोबर आहे. पण त्या प्लायला वाळवी-बुरशीपासून वाचवणारे जे औषध देतात, त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. प्लायच्या सहाही बाजू आणि प्रत्येक बोल्टचे भोक इपॉक्सीने बंद करा, मगच तो पत्र्याला टेकू द्या.

रंगाचे थोडक्यात: लोखंडाचा रेड ऑक्साइड इथे धरत नाही, पापुद्रे निघतात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात इच प्रायमर मिळतो. तो किंवा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा. आतून रंग नाही दिला तरी चालते. पण पायांसाठी एक फिकट थर असू द्या. एप्रिलच्या उन्हात उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून पाहिलेल्याला कारण सांगायला नको.

आता तरंगण्याकडे. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही, धातूची सरळ तळ गाठते. म्हणून आत फोम हवाच, आणि किती हवा याचा हिशेब सोपा आहे. साठ किलोचा सांगाडा बुडाला की आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारतो, साधारण २२ लिटर. उरले ३८ किलो. मोटार, बॅटरी, जाळे, सामान मिळून आणखी तीसेक. तिघे कडेला धरून लटकले तर मानेपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचे फार वजन उरत नाही, तरी पंचवीस-तीस धरा. एकूण शंभराच्या आत. एक घनफूट फोम सुमारे २७ किलो पेलतो, म्हणजे चार घनफूट पुरतो. तो तळात भरू नका. तळातल्या फोममुळे भरलेली होडी पालथी होते. बाकांच्या खालच्या पोकळीत वरच्या बाजूला आणि दोन्ही कडांना विभागून बसवा. मग पाण्याने भरलेली होडी सरळ राहते आणि धरायला काही उरते. पॅकिंगचे थर्मोकोल नको, ते काही वर्षांत कण कण होऊन पाणी पिते. गच्चीवर उष्णता अडवायला वापरतात ती एक्सपीएस शीट चांगली, आणि पत्र्याला चिकटवून न बसवता मध्ये बोटभर हवा ठेवावी.

किती माणसे, याला अमेरिकेत लहान होड्यांसाठी एक ठोकताळा आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. बारा बाय चारची होडी म्हणजे तीन माणसे. फ्लेमिंगो पाहायला आलेले पुण्याचे पाहुणे पाचवा माणूस बसवायचा आग्रह करतात, तेव्हा हा भागाकार तोंडपाठ असलेला बरा.

मोटार आणि वीज यांत खर्च बराच, शिकण्यासारखे त्या मानाने थोडे. एक गोष्ट मात्र महत्त्वाची. गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन दिव्याला एकच वायर आणेल आणि दुसरे टोक सवयीने ‘बॉडी अर्थ’ करेल. ट्रॅक्टरला ते ठीक. ॲल्युमिनियमच्या होडीत तोच करंट पत्र्यातून पाण्यात झिरपतो आणि होडी आतून खातो. प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी, दोन्ही बॅटरीपर्यंत, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. विजेवरची लहान मोटार लावणार असाल तर घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून ठेवायचा मोह होतो. १५० अँपिअर-तासाची ती बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. तिच्यासाठी एक माणूस कमी करावा लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासाची बॅटरी डझनभर किलोत येते, महाग पडते.

यंत्र बसवले की होडी कायद्याच्याही हद्दीत येते. अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ साली नवा झाला, नोंदणीची चौकशी आधी करावी. इंदापूर तालुक्यात याला एक जास्तीचे कारण आहे: वाळू उपसणाऱ्या फायबर आणि ‘सेक्शन’ बोटी महसूल खाते जिलेटिनने उडवते. बेवारस, बिनकागदाची यांत्रिक होडी काठावर उभी ठेवणे शहाणपणाचे नाही.

शेवटची चाचणी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. मोटार आणि बॅटरी काढा, त्यांच्या वजनाएवढ्या विटा त्याच जागी बांधा, बूच उघडा आणि होडी बुडू द्या. काठोकाठ भरल्यावर ती कशी राहते ते पाहा. मागची बाजू खाली गेली तर पुढचा थोडा फोम मागे सरकवा. एका कडेला झुकली तर दोन्ही बाजूंचा फोम समान नाही. दोघांनी एकाच कडेला धरून लटकून पाहा, ती उलटता कामा नये. मग बूच लावा, बादलीने पाणी उपसा आणि किती वेळ लागतो ते घड्याळात मोजा. वळवाच्या वाऱ्यात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून हातपंप किंवा बिल्ज पंप कुठला घ्यायचा ते या मोजणीवरून ठरवा, आणि बादली तरीही दोरीने बांधून होडीतच ठेवा.